राखलेलं गवत

शंभर फुटी रस्त्यावर सकाळी साडेदहाला मेंढरं आडवी आली आणि मला मनातून बरंच वाटलं, कारण ऑफिसला उशीर व्हायला सांगण्याजोगं कारण मिळालं. स्कूटर बंद करून मी एक पाय खाली टेकवला. दोनेकशे मेंढरं, मध्ये एक घोडं, घोड्यावर बाजलं, पातेली आणि सगळ्यात वर पाय बांधून बसवलेली एक कोंबडी, जी अख्ख्या सांगलीकडं तुच्छतेनं बघत होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मेंढरांना हॉर्नचा अर्थ कळत नाही आणि खरं तर वाजवणाऱ्यालाही तो कळत नसतो. कळपामागून चालत आलेली म्हातारी माझ्या स्कूटरपाशी थांबली, मला निरखलं आणि म्हणाली, "तुमी त्या फक्कीच्या बाई न्हवं?"

"कोण?"

"फक्कीच्या बाई. गोरडवस्तीच्या माळावर पांढऱ्या रेगा मारत हिंडायचा की. मी बयाबाई. सभंत बोलायला उठलं हुतं, ते आमचं म्हातारं."

नऊ वर्षं झाली होती. म्हातारीचा चेहरा आठवला नाही, पण सभेत उठलेला तिचा नवरा, तात्याबा, लख्ख आठवला. मी विचारलं, आबा कुठं आहेत? "गुडघं गेलं त्यांचं. वस्तीवरच आस्त्यात. आमीच निगालो, औंदा लवकर. वड्याच्या पल्याडच्या माळावर बी फक्की पडनार म्हनत्यात, तर म्हनलं पुढं चारा न्हाई मिळायचा, आत्ताच ऊसवाल्यांच्या रानात जाऊन बसावं." मग जरा थांबून, गयावया न करता, शेजारणीकडं आपलं भांडं परत मागावं तसं ती म्हणाली, "तेवढा माळ सोडा, बाई. तुमच्या हातात हाय म्हनं." मी म्हणाले, "बघते." तेवढ्यात कळप पुढं सरकला, बयाबाई त्याच्यामागून चालू लागली आणि माझ्या मागच्या रिक्षावाल्यानं मला माझी जागा दाखवून दिली.

"बघते" हा आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द आहे. त्याचा अर्थ बघणार नाही असा असतो, आणि समोरच्यालाही तो ठाऊक असतो. पण मला लागलं ते त्या शब्दाचं नव्हे. लागलं ते हे, की तिकडं माण तालुक्यात नऊ वर्षं माझं एक नाव चालू होतं आणि त्याचा मला पत्ताही नव्हता. मला आजवर वाटायचं, आपण कामं करतो, कामं संपतात, फाइली बंद होतात. जिथं काम केलं तिथं आपण मागं राहतो, लोक आपल्याला नाव ठेवून वागवतात, पोराबाळांना सांगतात, त्या रेघा कुणी मारल्या तर फक्कीच्या बाईंनी, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बयाबाईच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. मी इतकी वर्षं ग्रामसभांमधून तेच करत आले आहे. तिनं मात्र ते नाव एखाद्या गावाचं घ्यावं तितक्या साधेपणानं घेतलं होतं.

टेबलावर ती फाइल होतीच. आमची संस्था लहान आहे, पण कामं सगळीकडची घेते: सांगलीत पुराचं नियोजन, कवठे महांकाळला तळ्यांतला गाळ, माण-दहिवडीकडं माळांचं संवर्धन. गोरडवस्तीच्या कामाचा दुसरा टप्पा, म्हणजे ओढ्यापलीकडचा माळ, शुक्रवारपर्यंत सुचवायचा होता. पाहणी अहवाल माझा, खाली सही माझी. तिथंही पहिल्या टप्प्यासारखंच व्हायचं होतं: उतारावर आडवे चर खणायचे, चरांच्या कडेनं रोपं लावायची आणि मेंढरांना बारा महिने बंदी. नकाशावर तो माळ फिकट पिवळा रंगवलेला होता आणि त्यावर लिहिलेलं होतं, पडीक. हा शब्द नकाशावर दुसऱ्या कुणी लिहिलेला असता तर मी त्याच्यावर खापर फोडून मोकळी झाले असते. अक्षर माझंच होतं.

मी कोरेगावची. आमच्या दारापासून ऊस सुरू व्हायचा तो कॅनॉलपर्यंत. वडील, आण्णा, फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि उसाला लागले, तर त्यांनी उसालाही परेडला उभं केल्यासारखं सरळ लावलं. आमच्या घरात पिवळा हा आजाराचा रंग होता. पान पिवळं पडलं म्हणजे पाण्याची पाळी चुकली. मग आण्णा जेवण टाकून मोटार चालू करायला जायचे. हिरवं ते जिवंत, पिवळं ते मरायला टेकलेलं, हे मला कुणी शिकवलं नाही, ते मी आईच्या दुधाबरोबर प्यायले असणार. अशी मी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, हातात पदवी आणि डोक्यावर टोपी, मार्चमध्ये गोरडवस्तीच्या माळावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. डोळा पोचेल तिथवर पिवळं. मला वाटलं, या जमिनीवर केवढा अन्याय झालाय. मी वहीत लिहिलं: गवत मृत, जमिनीचा ऱ्हास तीव्र. सभेत तेच सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून तात्याबा उठला. पटका सावरून म्हणाला, "बाई, गवात मेल्यालं न्हाई. पिकल्यालं हाय." लोक हसले. मीही हसले, प्रेमानं हसले, आणि वहीत लिहिलं: चराईच्या सवयीमुळे स्थानिकांचा विरोध.

आता ते आठवून मला ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटला. शेजारी बसणारी प्रांजल म्हणाली, "ताई, पंखा वाढवू?" जानेवारी महिना होता. मी पाणी प्यायले. पुराच्या वर्षी सांगलीत आमच्या गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा गावभागातल्या दुसऱ्या मजल्यावरून मला बोटीत उतरवलं होतं, आणि त्यानंतर या शहरात मी घसा बसेपर्यंत एकच गोष्ट सांगत हिंडले आहे. नदी आपल्या घरात शिरलेली नाही. ती रिकामी दिसणारी जागा नदीचीच होती, ती वर्षातून आठ दिवस वापरते म्हणून आपल्याला मोकळी वाटली. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की त्याला टाळ्या कुठं पडतात तेसुद्धा मला पाठ आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. कारण गोरडवस्तीला मी चर आखायला गेले ते भाद्रपदात, आणि गवत गुडघ्याएवढं उभं असूनही त्या तुकड्यात एकही मेंढरू नव्हतं. मी काय समजले? ही जागा कुणी वापरत नाही. चार कोपऱ्यांवर दगड रचलेले होते, त्यांच्यावर हळदीचा भंडारा पडलेला. कुठल्यातरी देवाचं काहीतरी असेल, असं मी म्हटलं आणि आयत्या खुणा मिळाल्या म्हणून त्याच दगडांना दोरी लावून चुन्याची फक्की ओढली. मला ते दगड सोयीचे पडले.

ती राखण होती. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तेवढा तुकडा वस्तीनं मिळून बंद ठेवलेला असायचा. दगडावर भंडारा पडला की सख्ख्या भावाचं मेंढरूही तिकडं वळवायचं नाही. राखायला माणूस नको, कुंपण नको. गवत पिकून बी खाली पडलं की दिवाळीनंतर मेंढरं आत सोडायची, खुरांनी बी जमिनीत दाबलं जायचं. म्हणजे तिथं जनावर नव्हतं, ते सर्वांत जास्त काळजी घेतली जात होती म्हणून. मी वस्तीतली सगळ्यात जपलेली जागा नेमकी शोधून काढली आणि ती खणली. हे मला कळलं दोन वर्षांनी, तेही दहिवडीच्या चहाच्या टपरीवर सहज, कुणीतरी हसत सांगितलं तेव्हा. तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसात वरचा चर फुटला, त्याच्या लोंढ्यानं खालचा, मग त्याच्याही खालचा. पातळ माती आणि मुरूम घेऊन पाणी ओढ्यात आलं आणि ओढ्यातून थेट बयाबाईच्या वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात. बावीस कोकरं गेली. ज्या वस्तीनं जन्मात पूर पाहिला नव्हता तिला पूर मी दाखवला, मी, जी सांगलीत लोकांना पुरापासून वाचायला शिकवते. त्या अहवालातही सही माझी आहे. कारण या रकान्यात मी लिहिलंय: असाधारण पर्जन्यमान. ते खोटं नव्हतं. पाऊस खरोखर असाधारण होता. खोटं न बोलता गप्प बसायची कला आमच्या धंद्यात फार लवकर येते.

दुपारी वीरधवल सरांच्या केबिनमध्ये गेले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनीच ही संस्था उभी केली, आणि पुरात कमरेएवढ्या पाण्यातून औषधं वाहिलेला माणूस आहे तो. मी म्हटलं, दुसरा टप्पा सुचवू नये असं मला वाटतंय. सर चष्मा काढून म्हणाले, "संयोगिता, पहिला टप्पा तूच यशस्वी म्हटलायस. त्याच्यावर दुसरा उभा आहे. आता नको म्हणायचं तर पहिला का फसला ते लिहावं लागेल. आणि ते लिहिलंस, तर पुढच्या वर्षी माळाचं काम आपल्याकडं राहील असं मी सांगू शकत नाही. तुझी जागा त्या कामावरची आहे." त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. मी पुन्हा "बघते" म्हणाले आणि माझा मलाच राग आला.

संध्याकाळी आण्णांना फोन लावला. आम्ही बाप-लेक हवापाण्याचंच बोलतो. ऊस किती फुटांवर आला, पुलाशी नदीचं पाणी किती फुटांवर आहे. त्या दिवशी मी विचारलं, आण्णा, फौजेत हातून चूक झाली तर काय करायचात? ते म्हणाले, "रिपोट द्यायचा." मी म्हटलं, आणि द्यायला उशीर झाला असला तर? मागं टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. "मग दोन चुकांचा रिपोट द्यायचा," ते म्हणाले, "आणि जेवलीस का?"

गुरुवारी रजा टाकून मी पहाटेची विट्यावरून जाणारी दहिवडीची एसटी धरली. जायचं काही कारण नव्हतं. जे लिहायचं ते सांगलीत बसून लिहिता आलं असतं, आणि जाऊन काही दिसलंच तर ते वाईटच दिसणार होतं. तरी गेले. विट्याच्या पुढं ऊस मागं पडत गेला, मायणीच्या पुढं झाडं विरळ झाली आणि मी खिडकीतून अजून कुठं हिरवं दिसतंय का ते शोधू लागले. मी स्वतःला म्हटलं, बाई, तू अडतीस वर्षांची झालीस, आता तरी पिवळ्याला भिऊ नकोस. पण भीती काही वय विचारून येत नाही. खिडकीतून वारा येत होता, कोरडा, आणि त्याला शेणाचा, धुळीचा आणि आणखी कशाचा तरी गोडसर वास होता. तो वास कशाचा ते मला दहिवडीला उतरेपर्यंत कळलं नाही. वाळलेल्या गवताचा होता. नऊ वर्षांपूर्वी मी त्या माळावर तीन महिने काढले होते आणि एकदाही तो वास घेतला नव्हता.

तात्याबा वस्तीबाहेर बाभळीखाली लोकर कातरायची कात्री परजत बसला होता. त्यानं मला ओळखलं, पण उठला नाही, गुडघे. "या," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, बयाआजी सांगलीत भेटल्या. "आसं व्हय. कोंबडी हाय का जित्ती?" आहे म्हटल्यावर त्याला समाधान वाटलेलं दिसलं. मग मला जे बोलायचं होतं ते मी उभ्या उभ्याच बोलले. म्हणाले, आबा, ती राखण होती हे मला माहीत नव्हतं. आणि नंतर कळलं तरी मी लिहिलं नाही. कोकरं माझ्या चरामुळं गेली. हे सगळं मी एसटीत मनाशी कितीदा घोळवलं होतं, तिथं ते चार वाक्यांत संपलं. तात्याबा कात्रीच्या पात्यावरून बोट फिरवत राहिला. "म्हाईत न्हवतं, तर इचारायचं हुतं," तो म्हणाला. "मी सभंत उठलो हुतो की."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. तात्याबानं दुसरीकडं बघितलं. थोड्या वेळानं काठी मागितली, म्हणाला, "चला, दावतो. हळूहळू जाऊ."

ते दोनशे पावलांचं अंतर आम्ही अर्ध्या तासात चाललो. माझे चर अजून होते, पण बुजत आलेले, जखम भरून आल्यावर चामडीवर व्रण राहावा तितकेच. रोपं तर केव्हाच जळून गेली होती. संस्थेचा राखणदार यायचा बंद झाल्यावर, चार वर्षांपूर्वी, वस्तीनं तिथं पुन्हा भंडारा टाकला होता. तात्याबा सांगत होता, पहिल्या वर्षी नुसतं टाकळ्याचं रान माजलं, दुसऱ्या वर्षी कुठंकुठं कुसळी गवत, आणि औंदा, "बगा की." मी बघितलं. दोन चरांच्या मधल्या पट्ट्यांतून गवत उभं होतं, पिवळं, सोनेरी म्हणायचा मोह मी आवरते, पिवळंच, आणि वाऱ्याबरोबर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होत होतं. दिवाळीनंतर मेंढरं चरून गेलेली असूनही एवढं उरलं होतं. एक चंडोल सरळ वर चढत ओरडत सुटला. मी खाली बसले. एक काडी मोडली. ती मोडताना वाजली, आणि बुडाशी, जिथं माझा हात गेला तिथं, गार ओल होती आणि हिरवा बारीक कोंभ होता. मी कृषी पदवीधर आहे. गवताचं जीवन मुळाशी असतं हे मी परीक्षेत लिहून आले आहे. पण ते माझ्या बोटांना त्या दिवशी कळलं, आणि इतका आनंद झाला की मला त्याची लाजच वाटली. ज्याचं मी वाटोळं केलं ते मला न विचारता बरं होत होतं.

"परवा लांडगीनं कोकरू न्हेलं," तात्याबा म्हणाला.

"अरेरे."

"वंगाळ वाटलंच की. पर तुमच्या चरी पडल्यापास्नं लांडगं न्हवतं. मोकाट कुत्री हुती निस्ती. माळ बरा झाल्याबिगार त्ये येत न्हाई." त्यानं काठीनं ओढ्यापलीकडं दाखवलं. "त्या आंगाला हाय ती. पिल्लं हायती. आमची दुसरी राखण तिकडंच. म्हंजी तिचं बी त्याच माळावर हाय समदं." ओढ्यापलीकडचा माळ दुपारच्या उन्हात तसाच पडला होता, माझ्या नकाशातल्यासारखा, मोकळा, कुणाचाच नसल्यासारखा. आता मला तो गच्च भरलेला दिसत होता. मी म्हटलं, आबा, मी उद्या लिहिणार आहे. तात्याबा माझ्याकडं न बघता म्हणाला, "मागल्या बारीला बी लिवलंतं तुमी." पण परत फिरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. आधारासाठी टाकला होता, मला ठाऊक आहे. तरी वस्तीपर्यंत मी तो हात अंगावर मिरवत आले.

शुक्रवारी मी लिहिलं. सगळ्यात जड गेलं ते पहिलं वाक्य, कारण आमच्या अहवालांना कर्ता नसतो. त्यात कामं केली जातात, चर घेतले जातात, नुकसान होतं. मी लिहिलं: पहिल्या टप्प्यासाठी मी निवडलेली जागा पडीक नव्हती, ते वस्तीनं राखलेलं कुरण होतं, आणि मी कुणाला विचारलं नाही. मग बाकीचं आपोआप आलं: चर कसे फुटले, पाणी कुठं गेलं, कोकरं किती, कुणाची. शेवटी लिहिलं, ओढ्यापलीकडच्या माळावर चर, रोपं व बंदी यांपैकी काहीही करू नये. तिथली राखण जशी आहे तशी कागदावर घ्यावी. सरांनी उभ्यानंच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. म्हणाले, "हे गेलं की माघार नाही. कळतंय ना?" मी हो म्हटलं. "तू आता हे लिहितेयस," ते म्हणाले, "मी तेव्हा तिथं एकदाही गेलो नव्हतो." आणि माझ्या सहीखाली त्यांनी आपली सही केली.

पुढं जे व्हायचं ते झालं. माळाचं काम आमच्याकडून गेलं, त्याबरोबर माझी जागाही. सरांनी मला पुराच्या कामावर घेतलं, अर्ध्या वेळेसाठी. उरलेल्या अर्ध्या वेळात काय करायचं याची घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे. दुसरा टप्पा मे महिन्यात रद्द झाला. गोरडवस्तीनं ग्रामसभेत दोन्ही माळ कुरण म्हणून नोंदवून घेतले. अर्ज तात्याबानं सांगितला आणि मी लिहिला, आणि प्रत्येक ओळ त्यानं मला दोनदा वाचून दाखवायला लावली.

दिवाळी झाल्यावर आठव्या दिवशी तात्याबाचा निरोप आला, उद्या राखण सोडायची आहे, या. मी पोचले तेव्हा सगळी वस्ती ओढ्यापलीकडं जमली होती. बयाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि कडेवरचं कोकरू माझ्याकडं देऊन पदर खोचून घेतला. समोर गवत कमरेला लागेल एवढं, पिकलेलं. मेंढरं मागं दाटीनं उभी, ओरडत होती, पण एक पाऊल पुढं टाकत नव्हती. मी विचारलं, कशासाठी थांबलोय?

"आदी मानूस जातंय आत," बयाबाई म्हणाली. "मग मेंढरं. दर सालाला एकाला जावं लागतंय. औंदा तुमी जा."

मी म्हणाले, "आजी, मी कशी? मीच तर..."

"म्हनून तर," तात्याबा मागून म्हणाला. "वाटंत थांबू नका. ती मागनं येत्यातच."

कोकरू तसंच छातीशी धरून मी चपला काढल्या. गवतात पाय ठेवला, दुसरा ठेवला. कुसळं पोटऱ्यांना टोचली. मागं बयाबाईनं हाळी दिली, आणि दोनशे मेंढरांची खुरं माझ्यामागून त्या माळावर चालू लागली.